लोकरी राक्षसाची झिप

"मी फार बोलणार नाही," असं म्हणून पडद्यावर सासरेबुवांनी घसा खाकरला, चष्मा सारखा केला, पुन्हा तोंड उघडलं, आणि तेवढ्यात भसकन हिरवा धूर आला. धूर ओसरला तेव्हा सासरेबुवांच्या जागी वाघाच्या कातड्याचं जाकीट घातलेला एक दांडगा गडी उभा होता. त्याने आकाशाकडे हात केला. आकाशातून एक तलवार आपली आपण तरंगत खाली आली. तिला बांधलेला दोरा इतका जाड होता की त्यावर कपडे वाळत घालता आले असते.

व्हिडिओवाला खुर्चीत सरळ झाला. "साहेब, ही तुमच्याच लग्नाची कॅसेट ना?"

जावईबापू खुर्चीतून अर्धवट उठले. तसे ते चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे आणि तिथे त्यांना सगळे साहेबच म्हणत. पण सासरी ते लग्नाच्या दिवसापासून जावईबापू होते, आणि आजचं संकट त्याच पदावरचं असल्यामुळे आपणही त्यांना तेच म्हणू.

"पुढे घ्या जरा," ते कसेबसे म्हणाले.

व्हिडिओवाल्याने कॅसेट पुढे पळवली. गड्याच्या मनगटावर घड्याळ चमकलं. त्याचा पांढरा घोडा टेकडीमागे गेला आणि दुसऱ्या बाजूने तपकिरी होऊन बाहेर आला. एक बुटका जादूगार मंत्र म्हणत होता आणि प्रत्येक मंत्र शेजारच्यालाच लागत होता. मग गुहेतून लोकरीचा एक अगडबंब राक्षस डरकाळ्या फोडत आला, गर्रकन वळला, आणि त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत लखलखीत झिप दिसली.

झिप दिसली आणि जावईबापूंना सगळं आठवलं. सगळं म्हणजे अगदी सगळं. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. एका रविवारी ते सासुरवाडीला होते आणि टीव्हीवर हा सिनेमा लागायचा होता. सिनेमा तसा गचाळच, पण जावईबापूंचा भारी लाडका. "एखादी रिकामी कॅसेट आहे का?" असं त्यांनी विचारलं होतं, सासूबाईंनी एक बिनलेबलाची कॅसेट काढून दिली होती, आणि त्यांनी लाल बटण दाबलं होतं. नावं सरकून गेल्यावर दाबलं, त्यामुळे सिनेमाचं नाव काय होतं ते तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी सापडलं नाही.

सासूबाईंना बिचाऱ्यांना कॅसेटमधलं काय कळणार? बघून घेणं आपलं काम होतं. दिवसभर लोकांना 'हे वाचता येतंय का, आता हे वाचा' म्हणणाऱ्या माणसाला लेबल उचकटल्याचा डाग दिसू नये? जावईबापूंना स्वतःच्या दोन मुस्कटात द्याव्याशा वाटल्या.

"पण साहेब, हे झालं कसं?" व्हिडिओवाला कॅसेट काढून उलटीपालटी करत होता. "तुमचं लग्न मीच शूट केलंय. मी कॅसेट देताना मागची ही टॅब मोडूनच देतो, म्हणजे वर काही रेकॉर्ड होत नाही. हे बघा, भोकावर चिकटपट्टी लावलीय. कुणीतरी मुद्दाम लावलीय."

चिकटपट्टी लावल्याचं जावईबापूंना काही केल्या आठवेना. पण सिनेमाच्या नादात माणूस काय काय करतो. लावली असेल.

आता हे सगळं कुणाला सांगायचं कसं? सासूबाईंना येत्या रविवारी पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. मुलाने विचारलं, आई, तुला काय हवं? तर म्हणाल्या, "मला काही नको रे. ती कॅसेट एकदा बघायचीय. मग मी सुखी." सासरेबुवांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटो ढीगभर होते, पण हलते-बोलते सासरेबुवा उभ्या जगात एकाच ठिकाणी उरले होते, लेकीच्या लग्नातल्या त्या भाषणात. कॅसेट नव्या पद्धतीने उतरवून आणायचं काम मोठ्या विश्वासाने जावयावर सोपवलं होतं. आणि जावयाने सासऱ्याच्या तोंडावर राक्षस बसवला होता.

"तुमच्याकडे दुसरी प्रत नसेल का हो?"

"कच्ची कॅसेट असते मी ठेवलेली. पण साहेब, माळ्यावर शेकड्यांनी लग्नं पडलीयत. मधे एकदा उंदीर झाले होते. बघतो. आशा ठेवू नका."

जावईबापूंनी जी काही आशा होती ती तिथेच ठेवली आणि कॅसेट पिशवीत घालून ते बाहेर पडले. पायरी उतरतात तोच बायकोचा फोन.

"अहो, झालं का काम? दादाने मोठा पडदा मागवलाय. मावश्या येतायत. आई तर आतापासूनच गालातल्या गालात हसतेय."

"अगं, ते... कॅसेटला बुरशी लागलीय."

माणूस घाबरला की तोंडाला येईल ते बोलून बसतो, आणि मग पुढचे चार दिवस ते निस्तरत बसतो.

"किती?"

"बरीच. म्हणजे, पांढरी."

"आईला एवढ्यात सांगू नका. मी दादाला फोन करते."

जावईबापूंच्या पायाखालची जमीन खरी सरकली ती इथे. कारण मेहुणा विम्याचा सर्वेअर होता. जळालेल्या गाड्या, भिजलेली गोदामं, फुटलेलं काचसामान बघायचं आणि 'हे झालं की केलं' ते ठरवायचं, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. घरातही तो तसाच. कुणाची कपबशी फुटली तरी आधी खाली वाकून तुकडे कुठपर्यंत उडालेत ते बघायचा.

"दादा येतोय संध्याकाळी," बायकोचा पुन्हा फोन आला. "म्हणतो, बुरशी मला दाखवा."

बुरशी दाखवायची म्हणजे आधी ती असायला हवी. जावईबापू घरी येऊन थेट बाथरूममध्ये शिरले आणि कडी लावली. बायकोच्या पावडरचा डबा घेतला, कॅसेटचं झाकण वर केलं, आणि बोटाने हळूहळू फितीवर पावडर चोळली. थोडी फटीतून आत झटकली. लांबून बघितलं तर बुरशी बरी जमली होती. कॉलेजात नाटकात भूत रंगवलं होतं, ती कला अशी उतारवयात कामी आली.

मेहुणा आला तो काखोटीला जुनं व्हीसीआर घेऊनच. चहाही न घेता त्याने कॅसेट उजेडात धरली, तिरकी केली, सरळ केली, खिशातून भिंग काढलं. मग मेहुण्याने कॅसेट नाकाशी नेली.

"जावईबापू, बुरशीला गुलाबाचा वास येतो हे मी नवीनच ऐकतोय."

"कपाटात अत्तर-बित्तर असेल सांडलेलं."

"असेल, असेल." मेहुण्याने बोटावर पावडर घेऊन चोळली. "मऊ आहे. ठीक आहे, लावूनच बघू."

"नको दादा! मशीनचं हेड खराब होईल!"

"माझं मशीन, माझं हेड. तुम्हाला का घाम फुटलाय?"

"नाही, पण फीत तुटली तर? मी सांगतो ना, तज्ज्ञाने हात लावायला नको म्हटलंय." आणि जावईबापूंनी कॅसेट धरली. मेहुण्यानेही सोडली नाही. दोघं पन्नाशी उलटलेले गृहस्थ टीव्हीसमोर कॅसेटची ओढाताण करत होते आणि बायको "अहो, काय हे! अरे दादा!" करत मधे नाचत होती. शेवटी कॅसेट दोघांच्याही हातून निसटली, जमिनीवर पडली, आणि तोल सावरायला जावईबापूंनी जो पाय मागे टाकला तो नेमका तिच्यावर.

काडकन आवाज झाला. फीत आतड्यासारखी बाहेर आली.

मेहुणा खाली बसला, तुकडा न् तुकडा वेचला, फीत गुंडाळली, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत भरलं आणि वर गाठ मारली.

"ते कशाला आता?" जावईबापूंनी विचारलं.

"सवय," मेहुणा म्हणाला आणि पिशवी घेऊन निघून गेला.

बायको पलंगाच्या कडेवर बसली होती. तिने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. "मी बाबांचा आवाज विसरत चाललेय हो," ती म्हणाली. "चेहरा दिसतो, पण आवाज येत नाही. आईचं निमित्त, पण मीच जास्त वाट बघत होते."

जावईबापूंचं काळीज तुटलं. इतकी वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिला पावडर चोळून फसवायचं? लाज वाटली त्यांना, चांगलीच वाटली. सांगून टाकू, जे व्हायचं ते होऊ दे. ते शेजारी बसले. "हे बघ, मला तुला एक सांगायचंय..."

आणि फोन वाजला.

"साहेब, सापडली!" व्हिडिओवाला माळ्यावरूनच ओरडत होता, मधेमधे शिंकत होता. "भाषण अख्खं आहे! एक शब्द उंदराने खाल्लेला नाही!"

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. भांड्यात कसला, पिंपात पडला. आणि जीव भांड्यात पडला की खरं बोलायची निकडही कमी होते. "त्यानं आधीच सगळं उतरवून ठेवलं होतं म्हणे!" ते बायकोला म्हणाले, आणि ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. त्या रडण्याने त्यांना आणखीच अपराधी वाटलं, पण खांदा काही त्यांनी हलवला नाही. मेहुण्यालाही कळवलं. तो फक्त म्हणाला, "अच्छा? आधीच?"

रविवारी मेहुण्याच्या घरी खुर्च्या मांडल्या, पडदे ओढले. सासूबाई नवी साडी नेसून मधल्या खुर्चीत बसल्या होत्या आणि खरोखरच गालातल्या गालात हसत होत्या. मावश्या मागे बसल्या. जावईबापू मात्र पडद्याकडे बघतच नव्हते. मेहुण्याच्या पायाशी ते जुनं व्हीसीआर होतं, आणि व्हीसीआरवर ती प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आता तुकडे नव्हते. एक अख्खी कॅसेट होती.

"हे कशाला आणलंय, दादा?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी फीत दुसऱ्या डब्यात भरली. बघितली," मेहुणा तितक्याच हळू म्हणाला. "आधी बाबांचं होऊ दे. मग आपण बोलू."

इकडे पडद्यावर सासरेबुवा उभे राहिले होते. "मी फार बोलणार नाही," ते म्हणाले, चष्मा सारखा केला, आणि धूर आला नाही. ते बोलत राहिले. बायकोने पदराने डोळे पुसले. "बाबा," ती म्हणाली, एवढंच.

सासरेबुवा आपल्या जन्मापासून सुरू झाले. मग शाळा झाली. मग पहिली नोकरी, नोकरीतला साहेब, साहेबाचा स्वभाव. जावईबापूंना आठवलं, त्या दिवशी नवे बूट पायाला चावत असताना ते हे सगळं उभ्याने ऐकत होते आणि जेवणं उरकून पाहुणे एकेक करून निघून गेले होते. आता मावश्यांपैकी एकीची मान कलली. पण बायकोचा चेहरा असा उजळला होता की भाषण कितीही लांबलं तरी तिला कमीच वाटलं असतं. जावईबापू मात्र एका डोळ्याने पिशवी बघत होते आणि भाषण संपूच नये अशी प्रार्थना करत होते. ते भाषण संपू नये असं वाटलेला माणूस त्यांच्याआधी फक्त एकच होऊन गेला होता, तो म्हणजे सासरेबुवा.

सासूबाईंचं हसू मात्र ओसरत चाललं होतं. त्या खुर्चीत पुढे सरकल्या, मागे सरकल्या. मान वळवून जावईबापूंकडे बघितलं. शेवटी त्यांना राहवेना.

"अरे, तो कधी येणार?"

"कोण, आई?" मेहुण्याने विचारलं.

"तो रे, राक्षस. लोकरीचा."

मेहुण्याने घाईघाईने भाषण थांबवलं. सासरेबुवा एक हात वर करून पडद्यावर खिळून राहिले. आईला वयाने काही भलतंच दिसायला लागलंय की काय, अशी मुलाची आणि मुलीची एकदमच नजरानजर झाली.

"भाषण कुठून आलं हे?" सासूबाई कळवळून म्हणाल्या. "मी पुसलं होतं ना!"

"तू?" दोघं भावंडं एकदम ओरडली.

"मग काय करू! तुझ्या बाबांना या भाषणाचं वेड लागलं होतं गं. आला-गेला, धरला की बसवला. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन ऐकत उभा राहायचा. आणि मी आत चहा करतेय, दोन-तीन वर्षं सतत. पाठ झालं होतं मला. एक दिवस लेबल पाण्याने ओलं करून काढलं, मागच्या भोकावर चिकटपट्टी लावली. शेजारणीने सांगितलं होतं तसं केल्यावर पुसता येतं म्हणून. आणि जावईबापू रिकामी कॅसेट मागत होते, त्यांच्या हातात ठेवली."

तीन दशकांची नाही तरी जावईबापूंची गेल्या चार दिवसांची झोप त्या चिकटपट्टीने खाल्ली होती.

"बाबांना कळलं नाही?" बायकोने विचारलं.

"कळलं ना. पुढच्याच पाहुण्यासमोर लावली, तर धूर. पाहुणा गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणतात, 'अगं, माझ्याच हातून लाल बटण दाबलं गेलं वाटतं. मुलांना सांगू नकोस हं, वाईट वाटेल.' मी म्हटलं, नाही सांगत. जाईपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं." सासूबाई थांबल्या. "मग तोच सिनेमा बघायला लागले. दर रविवारी, तुम्ही कुणी घरी नसताना. ती झिप दिसली की उठून पडद्याला बोट लावायचे आणि पोट धरधरून हसायचे. भाषणात बघ, एकदा तरी हसलेत का? मला ते हसताना आठवायचे होते रे. आणि म्हटलं, पंचाहत्तरी झाली, आता तुम्हाला खरं सांगून टाकावं. तर हे पुन्हा उभे, साहेबाचा स्वभाव सांगत."

पदर डोळ्यांना लावला त्यांनी. जावईबापूंना आपला तो पाय आठवला, काडकन झालेला आवाज आठवला. त्यांनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा लाल झाला होता. त्याने खाली वाकून पिशवीची गाठ सोडली.

"ही मी... दुसऱ्याच कारणासाठी आणली होती," तो पुटपुटला आणि कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली.

"म्हणजे बुरशी नव्हतीच?" बायको नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. "आणि माझा पावडरचा डबा संपला कसा असा एकाएकी?"

"घरी बोलू," जावईबापू म्हणाले.

"बोलूच."

हिरवा धूर आला, दोरा लावलेली तलवार आली, घोड्याने रंग बदलला, आणि झोपलेली मावशी खडबडून जागी झाली. "अगं बाई, ह्याच्या हातात घड्याळ!" दुसरी ओरडली. जिथे जावईबापूंचा पाय पडला होता तिथे चित्र थरथरलं, चुरगळलं, बुटका जादूगार लांबच लांब झाला. सगळे श्वास रोखून बसले. मग चित्र सरळ झालं आणि गुहेतून राक्षस बाहेर आला. सासूबाई खुर्चीचा हात धरून उठल्या, पडद्यापाशी गेल्या, राक्षस वळेपर्यंत थांबल्या, आणि त्याच्या पाठीवर नेमकं बोट ठेवलं.

"झिप!" त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की लेकीने उठून त्यांना धरलं. मग तीही हसत सुटली. मेहुणा हसताना जावईबापूंनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

शेवटी राक्षस दरीत कोसळला, गड्याने तलवार उंचावली, धूर झाला, आणि फीत जिथे सिनेमा संपत होता तिथे खर्रकन बदलली. पडद्यावर पुन्हा सासरेबुवा उभे होते. भाषणाचा पुसायचा राहिलेला तेवढाच तुकडा होता तो.

"...आणि एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," ते म्हणाले. रिकाम्या होत आलेल्या मांडवातून चार टाळ्या वाजल्या. सासरेबुवा वाकले आणि कॅसेट संपली.

सासूबाई डोळे पुसत पडद्याकडे बघत राहिल्या.

"बघा," त्या म्हणाल्या, "एवढंच बोलले असते तर मी कशाला पुसलं असतं?"